ठिपक्यांचं वर्तुळ

बिल्ल्यावर माझं नाव अर्धंच आलंय.
निशिगं, आणि पुढे तीन टिंबं.
नोंदणीच्या टेबलामागची मुलगी म्हणते, सॉरी, चौकट लहान आहे.
असू दे, म्हणते मी.
अशा चौकटी मीही केल्यात, पोटासाठी,
आठ अक्षरांत माणूस मावतो असं धरून चालून.

ब्रायटनला ही माझी अकरावी खेप.
थिएटर तेच, खुर्च्यांची लाल मखमल तीच,
गुडघे तेवढे बदलले.
पहिल्या वर्षी मंचावरून सांगितलं होतं: टेबलं मोडा.
मग: फ्लॅश मेला. टाळ्या.
मग: बटणांखालची सावली काढा.
मग: सावली आणा परत, पण हळुवार.
मी काढली. मी आणली.
होव्हच्या एका दंतवैद्याच्या साइटवर
एकाच बटणाची सावली सात वेळा पुसली, सात वेळा पाडली.
तेवढ्यात त्याचे स्वतःचे दोन दात पडले.

यंदा मंचावर पांढऱ्या बुटांतला एक पोरगा, कॅलम.
म्हणाला, आता काढायचं नाही, नुसतं सांगायचं.
एक वाक्य बोला, साइट तयार.
आणि झालीच, सगळ्यांदेखत:
कॉफीचं दुकान, फिकट हिरवं, हसऱ्या बाईसकट,
जी कुठेच जन्मली नाही.
सभागृहानं श्वास रोखला. मीही, खोटं कशाला बोलू.
शेजारी डेरिल पुटपुटला, मी गवंडी व्हायला हवं होतं.
तो हे दरवर्षी म्हणतो.

मधल्या सुट्टीत त्यांच्या स्टॉलवर गेले.
फुकटचे मोजे घेतले,
डाव्यावर कंपनीचं नाव, उजव्यावर ब्रीद.
काहीही टाइप करा, कॅलम म्हणाला, कुठल्याही भाषेत.
काहीही म्हटलं की बोटं आपली आडनावाकडेच वळतात.
बऱ्हाटे.
इथेच घोडं पेंड खातं, मला ठाऊक होतं.
पापणीएवढा तो र,
कुऱ्हाडीतला, वऱ्हाडातला, जरा तऱ्हेवाईक,
शाळेत बाईंनी फळ्यावर वेगळा काढून दाखवलेला,
पडद्यावर फुटला.
र एकीकडे, पाय मोडून बसलेला,
ह पुढे निघून गेलेला,
आणि त्याचा काना, धरायला अक्षर न मिळाल्यानं
ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला टेकून उभा.

कॅलम वाकून बघत राहिला.
सुंदर आहे हे, म्हणाला. याचा अर्थ काय?
इथे कोणीतरी असायला हवं होतं, मी म्हटलं,
एवढाच.

त्यानं खिशातून वही काढली, कागदाची,
आणि शाईचं पेन.
काढून दाखवाल?
मी पापणी काढली. त्यानं खाली गिरवली.
पहिली स्वल्पविराम झाली, दुसरी भुवई.
तिसरी जमली.
मागे रांग लागली होती, मोज्यांसाठी.

दुपारचं सत्र बुडवून समुद्रावर आले.
इथे वाळू नाही, गोटे.
सगळ्यांचे कोपरे गोल केलेले,
कोणाची गोलाई कोणासारखी नाही,
आणि समुद्र अजून म्हणत नाही, झालं एकदाचं.
जळक्या धक्क्याचा सांगाडा पाण्यात.
एक सीगल माझ्या चिप्सवर डोळा ठेवून.

फोन वाजला. दंतवैद्य अ‍ॅश्बी.
शनिवारी आम्ही आता बंद असतो, म्हणाले,
लोक येतात, दार वाजवतात,
काल एक म्हातारी सुजल्या गालानं पायरीवर बसून होती.
मी गोट्यांवर मांडी घालून लॅपटॉप उघडला.
शनिवार शोधला.
नऊ ते एक खोडून लिहिलं, बंद.
खाली ओळ टाकली: फार दुखत असेल तर या नंबरावर.
ती त्यांनी सांगितली नव्हती.
पुन्हा उघडून पाहिलं. सावली होती बटणाखाली,
यंदा चालते की नाही कोण जाणे. राहू दिली.

तेवढ्यात सीगलनं चिप्स नेल्या, पुडक्यासकट.
वारा सुटला. पाय गारठले.
ते मोजे घातले.
ऊब चांगली आहे त्यांना, हे सांगायला हवं.